नाखवांची अकरा रिळे

आमच्या इमारतीत रविवारी सकाळी साडेदहा ते बारा या वेळात पाण्याचा पंप चालवला जात नाही. हा नियम का आहे, हे आता इमारतीतल्या निम्म्या लोकांना माहीत नाही. नवे भाडेकरू पहारेकऱ्याला विचारतात, पहारेकरी सेक्रेटरींकडे बोट दाखवतो आणि सेक्रेटरी म्हणतात, "रूल है भाई, पुराना रूल है." नियम टिकतो आणि कारण विसरले जाते, असे मी शाळेतही पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून कारण लिहून ठेवतो. कारण होते आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे एक गृहस्थ.

त्यांना सगळे नाखवा म्हणत. नाखवा म्हणजे मच्छीमार होडीचा मालक. होडी होती ती त्यांच्या वडिलांची, जुन्या भाईंदरच्या खाडीत. यांनी स्वतः कधी वल्ह्याला हात लावला नव्हता. "मना होडी लागते," म्हणजे होडीत बसले की मळमळते, असे ते सांगत, आणि कोळ्याच्या मुलाने हे सांगताना जो संकोच वाटायला हवा तो त्यांच्या चेहऱ्यावर कधीच दिसला नाही. तरुणपणी ते मुंबईतल्या एका ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत टेपची यंत्रे सांभाळण्याच्या कामाला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. पूनम सागर या आमच्या वसाहतीतला, आमच्या डोक्यावरचा फ्लॅट त्यांनी नंतर घेतला. मी तेव्हा शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होतो.

आमची ओळख पंख्यामुळे झाली. एका रविवारी दार वाजले. दारात इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेले, पायात चप्पल नसलेले, नुसते मोजे घातलेले एक वयस्क गृहस्थ उभे होते.

"मास्तर, तुमचा पंखा टिकटिक करतोय."

मी म्हणालो, "आम्हाला तर ऐकू येत नाही."

"तुमी त्याच्याखाली राहता म्हणून. मी त्याच्यावर राहतो. माझा गिटारवाला तुमच्या पंख्यापेक्षा थोडा सावकाश वाजवतो. दोघांचा ठेका एकमेकांच्या पायात पाय घालतो. शिडी हाय का?"

त्यांनी खिशातून तेलाची बाटली काढली, शिडीवर चढून पंखा खोलला, बसवला, खाली उतरून डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकले आणि जाताना म्हणाले, "पुढच्या रविवारी वर या. मोजे घालून."

त्या गिटारवाल्याविषयी आधी सांगायला हवे. त्याचे नाव कोणत्याही तबकडीवर कधी छापले गेले नाही. तो चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवत असे. म्हणजे पन्नास वाद्यांतले एक. पण कामाची वेळ नऊची असताना तो साडेसातलाच स्टुडिओत येई, आणि मोकळ्या दालनात बसून स्वतःसाठी जॅझ वाजवी. कधी एखादा ड्रमवाला किंवा पियानोवाला लवकर येऊन त्याला सामील होई. नाखवा त्या वेळी यंत्रे तापवायला ठेवत. एके दिवशी त्यांनी त्याला न विचारता यंत्र चालू केले. कामातून उरलेले टेपचे तुकडे फेकून द्यायचे असत. ते एकमेकांना जोडून त्यांनी त्यावर हे वादन मुद्रित करायला सुरुवात केली. तीन-चार वर्षांत अशी अकरा रिळे झाली. मग तो गिटारवाला आजारी पडला आणि वारला. त्याचे स्वतःचे म्हणता येईल असे जे काही जगात उरले, ते या अकरा रिळांत होते, आणि ही रिळे आमच्या डोक्यावर, एका लाकडी कपाटात, उभी ठेवलेली होती.

जॅझ म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीत नव्हते. नाखवांनी दिलेली व्याख्या मी आजही वापरतो. "चाल सगळ्यांना ठाऊक असते. वाजवणारा ती चाल सोडून निघतो, होडी निघते तशी. दिसेनाशी होतो. मग परत बंदराला लागतो. किती लांब गेला आणि कुठच्या वाटेनं परत आला, तेवढं बघायचं." होडी लागणाऱ्या माणसाने होडीचीच उपमा द्यावी, याचे मला नेहमी हसू येई.

रविवारचा क्रम ठरलेला असे. प्रथम फ्रिज बंद. मग पंखा बंद, खिडक्या बंद. मग एका दोरीने अंतर मोजले जाई. दोरीला तीन गाठी होत्या: एका स्पीकरपासून दुसऱ्या स्पीकरपर्यंत जितके अंतर, तितकेच प्रत्येक स्पीकरपासून ऐकणाऱ्याच्या खुर्चीपर्यंत. म्हणजे समभुज त्रिकोण. खुर्चीच्या चार पायांसाठी फरशीवर रंगाच्या चार खुणा होत्या. मी एकदा घरून मोजपट्टी नेली आणि तपासले. त्रिकोण अचूक होता. त्या खुर्चीवर ते स्वतः बसत. मला त्यांच्या उजव्या हाताला स्टूल. चहा संपूर्ण रीळ संपल्यावर. खाणे मुळीच नाही. एकदा सेक्रेटरींनी दिलेले खाकरे मी बरोबर नेले होते, तर त्यांनी पुडा घेऊन आतल्या खोलीतल्या कपाटात कुलूपबंद केला.

"छान" हा शब्द पहिले सहा महिने वर्ज्य होता.

"छान म्हणू नका, मास्तर. काय ऐकलं ते सांगा."

"गिटार ऐकली."

"गिटार तर बहिऱ्याला पण ऐकू येते. गिटार कुठं हाय? समोर? बाजूला? भिंतीजवळ? सूर नंतर बघू. आधी खोली ऐका."

हे मला पटायला वेळ लागला. मी विद्यार्थ्यांना शिकवत आलो होतो की ध्वनी म्हणजे कंपन. नाखवांच्या लेखी ध्वनी म्हणजे जागा. उत्तम मुद्रण ते, ज्यातून ऐकणाऱ्याला खोलीची लांबी-रुंदी कळते. बाकी सगळे "भिंतीवर चिकटवलेलं चित्र". चौथ्या की पाचव्या रविवारी दुसऱ्या रिळात मला प्रथमच कुणीतरी डावीकडून उजवीकडे चालत गेल्याचे ऐकू आले, आणि तो माणूस लाकडी फरशीवरून चालतो आहे हेही समजले. मी तसे म्हणालो. नाखवा खुर्चीतून उठलेच. आत जाऊन बायकोला म्हणाले, "मास्तर आत आला!"

वहिनी आतून म्हणाल्या, "मग बसव त्याला. मी काय हार घालू?"

वहिनींनी अनेक वर्षे भाईंदरच्या बाजारात मासळी विकली होती, आणि त्यांचे बोलणे त्या कामाला साजेसे होते. नवऱ्याच्या छंदाविषयी त्यांचे मत स्पष्ट होते. "पोटच्या पोराचा वाढदिस याला आठवत न्हाय. त्या गिटारवाल्यानं तार कुठल्या दिवशी बदलली ते आठवतं." भाईंदरच्याच जेसल पार्क भागात राहणाऱ्या त्या मुलाने एकदा वडिलांसाठी मुठीएवढा नवा स्पीकर आणला. नाखवांनी तो एक मिनिट ऐकला आणि परत करताना म्हणाले, "सुका बोंबील पाण्यात भिजवून ताजा म्हणून विकतात, तसं हाय हे." मुलाने तो स्पीकर वहिनींना दिला. त्या त्यावर स्वयंपाक करताना भजने ऐकत. अर्थात रविवार सोडून.

पंपाचे प्रकरण सोसायटीच्या वार्षिक सभेत उपस्थित झाले. नाखवांनी उभे राहून सांगितले की पंपाची घरघर भिंतीतून वर येते, आणि तिचा सूर व तिसऱ्या रिळातल्या गिटारचा सूर यांत नेमके अर्ध्या सुराचे अंतर आहे. सेक्रेटरी गुजराती, स्वभावाने सरळ आणि उत्तर देण्यात तत्पर.

"नाखवाभाई, पंप बंद रखेंगे तो पानी कौन चढ़ाएगा? आपका गिटारवाला?"

सगळे हसले. नाखवा हसले नाहीत. "सिर्फ तीसरे रीळ के टाइम पे बंद रखो. बाकी दस को चलेगा."

"और हमको कैसे पता चलेगा आज तीसरा है कि चौथा?"

"मैं एक दिन पहले चिट्ठी लगाऊँगा."

सेक्रेटरींनी क्षणभर विचार केला. आठवड्याच्या आठवड्याला सूचनाफलकावर रिळाचा क्रमांक लावण्यापेक्षा दर रविवारीच पंप बंद ठेवणे त्यांना सोपे वाटले. ठराव मंजूर झाला. बदल्यात नाखवांनी इमारतीचा दोन वर्षे मुका असलेला इंटरकॉम दुरुस्त करून दिला.

नाखवा जाऊन आता दोन वर्षे होतील. वहिनी मुलाकडे गेल्या. वरच्या फ्लॅटमध्ये नवे कुटुंब आले आहे. लहान मुले धावतात, वस्तू पडतात. मी वर पाहतो आणि मनात त्या आवाजाची जागा निश्चित करतो: स्वयंपाकघराचे दार, खिडकीपासून चार हात. सवय लागली ती लागली.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

ऐकायला बसण्यापूर्वी नाखवा मला यंत्राची स्थिती सांगत आणि मी ती वहीत उतरवून घेत असे. ही पद्धत त्यांचीच. रिळाचा क्रमांक, आवाज, बेस आणि ट्रेबल. बेस म्हणजे खालच्या, जाड आवाजाचे बटण. ट्रेबल म्हणजे वरच्या, बारीक आवाजाचे. बटणाची स्थिती ते घड्याळाच्या काट्याप्रमाणे सांगत. "ट्रेबल बारा वाजता" म्हणजे बटण सरळ वर, काही वाढवले नाही, काही कमी केले नाही. "एक वाजता" म्हणजे किंचित वाढवले. मी शाळेच्या सवयीने रकाने आखले होते. सहा वर्षांत दोन वह्या भरल्या.

पाचव्या वर्षाच्या सुमारास मला गिटारचा आवाज बोचू लागला होता. तार छेडली की स्टीलच्या ताटावर काटा ओढल्यासारखे वाटे. पण मी तसे बोललो नाही. मला वाटले, माझाच कान अजून कच्चा आहे. हे माझे चुकले. विद्यार्थ्याने निरीक्षण नोंदवायचे असते. ते गुरूला रुचेल की नाही, हे पाहायचे नसते.

सहाव्या वर्षी टेपने भुकटी सोडायला सुरुवात केली. यंत्रात ज्या भागावरून टेप सरकते आणि आवाज वाचला जातो, त्याला हेड म्हणतात. एका रविवारी नाखवांनी हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसले आणि बोळा माझ्यासमोर धरला. तो तपकिरी झाला होता.

"हे काय आहे?" मी विचारले.

"गिटारवाला," ते म्हणाले.

टेपवरचा मुलामा, ज्यावर आवाज नोंदलेला असतो, तोच सुटू लागला होता. नाखवांनी अकराही रिळे तपासली आणि निदान केले: प्रत्येक रीळ अजून एकदा नीट वाजेल. दुसऱ्यांदा नाही. रविवारचे ऐकणे त्यांनी त्या दिवशी बंद केले.

त्याच सुमाराला वसईहून फोन आला. गिटारवाल्याची मुलगी. तीही आता पन्नाशीच्या पुढे होती. वडील गेले तेव्हा ती शाळेत होती. कुठल्याशा जुन्या वादकाकडून तिला नाखवांचा पत्ता लागला होता. नाखवांनी फोनचा आवाज मोठा केला होता, म्हणून मलाही ऐकू आले.

"अंकल, घरी फोटो आहेत, गिटार आहे. डॅडींचा हात मला आठवतो. आवाज आठवत नाही. तुमच्याकडे काही आहे का?"

नाखवांनी कपाटातल्या रिळांकडे पाहिले. मग म्हणाले, "हाय. एक महिना दे."

त्यांनी ठरवले की अकराही रिळे शेवटची एकदा वाजवायची आणि वाजत असतानाच त्यांची नव्या डिजिटल यंत्रावर प्रत, त्यांच्या शब्दांत 'कापी', घ्यायची. हेड झिजले आहे, बारीक आवाज कमी येतो, तेव्हा जे कमी पडते ते प्रत घेतानाच भरून द्यायचे. "लिहा मास्तर. ट्रेबल तीन वाजता."

मी लिहिले. तीन वाजता म्हणजे बटण थेट आडवे. मी तो आकडा लिहिताना थांबलो, पण त्याही वेळी काही बोललो नाही.

त्या आठवड्यात नाखवांना ताप आला. मी भेटायला गेलो तेव्हा ते थर्मामीटर काखेत धरून बसले होते. थर्मामीटर वाजला: पीप, पीप, पीप. नाखवा तसेच बसून राहिले. तो वाजून थांबला. मिनिटभराने त्यांनी मला विचारले, "याला किती वेळ लागतो हो? मागं पण असंच झालं. सेल गेलाय वाटतं."

मी घरी आलो, दोन्ही वह्या काढल्या आणि आलेखाच्या कागदावर सहा वर्षांतली ट्रेबलची स्थिती मांडली. बारा, बारा, साडेबारा, एक. मग दीड. दोन. अडीच. तीन. रीळ कोणतेही असो, रेषा एकसारखी वर चढत गेली होती. हेड झिजल्यामुळेही असे होऊ शकते, हे मी स्वतःला बजावले. परंतु हेड झिजले असते तर बटण फिरवून त्यांना जे मिळत होते ते मलाही बरोबर वाटायला हवे होते. मला तर ते बोचत होते. यंत्र आम्हा दोघांसाठी एकच होते. वेगळे होते ते कान.

प्रश्न केवळ एका वृद्ध माणसाच्या कानांचा असता तर मी तो कागद फाडून टाकला असता. पण प्रत घेताना ट्रेबल तीनला ठेवले तर जोरकस वादनात आवाज यंत्राच्या सहनशक्तीबाहेर जाणार होता, आणि असा फाटलेला आवाज नंतर कोणत्याही उपायाने शिवता येत नाही. मूळ टेप पुन्हा वाजणार नव्हती. वसईच्या त्या बाईंना वडील म्हणून आयुष्यभर एक कर्कश गिटार ऐकावी लागली असती.

एखाद्या मुलाला कमी गुण पडले तर ते भर वर्गात सांगू नयेत, असा माझा शिरस्ता होता. मी बुधवारी दुपारी, कुणी येण्याची शक्यता नसताना, कागद घेऊन वर गेलो.

नाखवांनी आलेख पाहिला. समजायला त्यांना वेळ लागला नाही. यंत्राच्या माणसाला आलेख वाचता येतो.

"मास्तर, तुमी माझ्यावर वही ठेवली?"

"तुम्हीच सांगत होतात. मी लिहीत होतो."

"हेड झिजलंय. मी बोललो न्हाय काय? चाळीस वर्सं हेडं बघतोय मी. तुमी पोरांना पुस्तकातलं शिकवता."

"हेड झिजले असेल. थर्मामीटरला हेड नसते."

त्यांना कळले नाही. मी थर्मामीटर मागून घेतला, पेल्यात कोमट पाणी घेतले आणि म्हणालो, "तो वाजेल तेव्हा मी बोट वर करीन." त्यांनी मान हलवली. थर्मामीटर वाजू लागला. मी बोट वर केले. नाखवा माझ्या बोटाकडे बघत राहिले, मग पेल्याकडे, मग पुन्हा बोटाकडे.

"परत करा."

मी परत केले. तीन वेळा केले. तिसऱ्या वेळी त्यांनी पेला उचलून थेट कानाला लावला आणि पाणी त्यांच्या शर्टावर सांडले.

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "दारावरची चिमणीच्या आवाजाची बेल वाजते तरी उठत न्हाय हो. मना वाटायचं, गिटारबिगर याला काय आयकायचंच न्हाय. दोन वर्सं मी याला शिव्या देतंय."

नाखवांनी यंत्रावर झाकण घातले. "जा मास्तर," एवढेच म्हणाले.

तीन रविवार गेले. साडेदहाला पंप बंद होई आणि इमारत गप्प होई, पण प्रत घेण्यासाठीही वर खुर्ची सरकल्याचा आवाज येत नसे. मी खाली बसून उत्तरपत्रिका तपासत असल्यासारखा स्वतःला तपासत राही. एका माणसाजवळ एकच अभिमानाची गोष्ट होती, आणि ती मी आलेखाच्या कागदावर मांडून त्याच्यापुढे ठेवली होती.

चौथ्या आठवड्यात गुरुवारी सकाळी दार वाजले. नाखवा होते. खिशात बारीक स्क्रूड्रायव्हर.

"कानाच्या डॉक्टरकडं गेलो व्हतो. त्यानं पण तुमच्यासारखाच कागद काढला. तुमची रेघ चढत जाते, त्याची उतरत जाते. दोन्ही माझ्याच." त्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर चाचपला. "तो मशीन देतो बोलला. कानात घालायचं. बायकोचं बोलणं ऐकायला घेईन. पन कापी त्याच्यावर करायची न्हाय. ते मशीनचं ऐकणं. चला."

"कुठे?"

"वर. हात माझा, कान तुमचा."

मी म्हणालो, "नाखवा, मीही साठीचा आहे. माझे कान तरी कुठे तरुण आहेत?"

"तुमचे कान मी सा वर्सं घासलेत. भांडं जुनं असलं तरी घासलेलं हाय."

रविवारची वाट पाहायला त्यांची तयारी नव्हती. रोज सकाळी एक रीळ असे अकरा दिवस. सेक्रेटरींना मीच जाऊन विनंती केली. "ग्यारह दिन?" ते म्हणाले, "नाखवाभाई के घर शादी है क्या?" पण त्यांनी अकरा दिवस पंप पहाटे लावून घेतला.

प्रत घेण्यापूर्वी हेडचा कोन जुळवावा लागतो. हेडच्या बाजूला एक इवलासा स्क्रू असतो. तो केसभर फिरवला की बारीक आवाज उघडतो किंवा मिटतो. हे काम पूर्वापार कानानेच करतात. नाखवा स्क्रूड्रायव्हर धरून वाकले, एका साध्या चाचणीच्या टेपवर मी डोळे मिटून ऐकू लागलो. त्यांचा हात अत्यंत स्थिर होता. "सांगा," ते म्हणत. मी म्हणे, "अजून. अजून. गेले. मागे घ्या. थांबा." एक काम दोन माणसांत वाटून घेतल्यावर जो गोंधळ होतो तो पहिल्या दिवशी झाला. चौथ्या दिवसापासून मला "थांबा" म्हणण्याआधीच त्यांचा हात थांबू लागला. माझ्या चेहऱ्याकडे बघून ते ओळखत होते.

ट्रेबल बारा वाजता ठेवले होते. सातव्या रिळाला नाखवांचा हात बटणाकडे गेला. मी पाहिले. त्यांनी हात मागे घेतला आणि दोन्ही तळवे मांडीखाली दाबून बसले, शिक्षा झालेल्या मुलासारखे.

"मना तर गोणपाटातून आल्यासारखं वाटतंय. तुमाला?"

"मला प्रत्येक तार वेगळी ऐकू येते."

"खरं?"

"खरे."

"मग चालू द्या." आणि पुढची चाळीस मिनिटे ते यंत्रावरच्या, आवाजाचा जोर दाखवणाऱ्या काट्यांकडे बघत राहिले. काटा उसळला की त्यांची मान हले. कुठे उसळणार, हे त्यांना आधीपासून पाठ होते.

अकराव्या रिळानंतर हेड इतके तपकिरी झाले होते की बोळ्याने पुसायला बराच वेळ लागला.

पुढच्या रविवारी वसईहून बाई आल्या. साधी सुती साडी, पायात मोजे. फोनवर तशी सूचना गेली होती. नाखवांनी त्यांना खुणांवरच्या खुर्चीत बसवले. त्या खुर्चीवर दुसरे कुणी बसलेले मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. आम्ही दोघे बाजूला उभे राहिलो. डिजिटल यंत्रावरून पहिल्या रिळाची प्रत लावली. बाई सुरुवातीला समोर बघत होत्या, नंतर त्यांनी मान खाली घातली.

संपल्यावर त्यांनी नाखवांकडे वळून विचारले, "अंकल, असाच होता का त्यांचा आवाज? तुम्ही तर तिथे होता. तुम्हाला बरोबर वाटतो?"

नाखवांना "हो" म्हणता आले असते. कुणालाही काही कळले नसते.

"पोरी, मना आता वरचं काय आयकू येत न्हाय," ते म्हणाले. "ही कापी मी ऐकलेली न्हाय. मास्तरांनी ऐकलीय. त्यांना विचार."

बाई माझ्याकडे बघू लागल्या. माझी अडचण झाली. मी त्यांच्या वडिलांना कधी पाहिले नव्हते. आवाज त्यांचाच आहे, असे मी कोणत्या आधारावर सांगणार? जे ऐकले तेवढेच सांगायचे ठरवले.

"तुमच्या वडिलांना मी ओळखत नव्हतो. पण वाजवण्यापूर्वी ते नाकाने एक लांब श्वास घेतात. आणि आणखी एक आहे. ते जोरात वाजवून थांबले की लगेच एक बारीक टक असा आवाज येतो. आधी मला वाटले की टेपचे तुकडे जोडले आहेत, त्या जोडाचा असावा. पण टेपच्या जोडाला वाजवणारा कधी थांबला हे कळण्याचे कारण नाही. हा आवाज दर वेळी ते थांबल्यावरच येतो. माझा अंदाज असा, की ते खुर्चीच्या अगदी पुढच्या कडेला बसत असावेत. खुर्चीचे मागचे पाय उचलले जात असावेत आणि थांबल्यावर जमिनीला टेकत असावेत."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "घरी पण तसंच. दोन खुर्च्या मोडल्या डॅडींनी. मम्मी ओरडायची, नीट बस नाहीतर स्टूल घे."

नाखवांनी माझ्या दंडाला धरले. "काय बोलली?"

मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितले. ते ऐकत राहिले.

"मी काचेच्या पलीकडं असायचो," ते म्हणाले. "मना नुसता त्याचा हात दिसायचा, खुर्ची न्हाय. तो टक माझ्या जोडाचा हाय असं समजत व्हतो मी. माझ्या हातची चूक म्हणून. चाळीस वर्सं."

मग त्यांनी टेबलावरचे प्रतींचे पाकीट उचलले आणि माझ्या हातात दिले.

"कापी खरी हाय, मास्तर. द्या तिला."